माळा झाडताना

परवा एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो. दिवाणखान्यात 1936 च्या ‘संत तुकाराम’चे भित्तिपत्रक, काचेच्या चौकटीत! “काय तो काळ, मास्तर!” चकली मोडीत गृहस्थ उसासले. चित्रपट पाहिलात का, असे विचारले. नव्हता पाहिला.

वाचकहो, या उमाळ्याचा मला संताप येतो. ‘आलम आरा’ हा 1931 चा आपला पहिला बोलपट. त्याची आज एकही प्रत हयात नाही. त्या काळच्या फिती काही परचक्राने लुटल्या नाहीत. फितीत चांदी असे. खेळ आटोपले की चांदीसाठी कितीक आटवल्या गेल्या. नायट्रेटची फीत शिवाय ज्वालाग्राही. 2003 साली पुण्यात, ‘प्रभात’च्या जुन्या आवारात, जपून ठेवलेला साठाही जळाला. त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली नाही, असे ऐकिवात नाही.

मी तरी कुठला सोवळा? आजोबांच्या ट्रंकेत चित्रपटांच्या गाण्यांची पुस्तके होती, थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळत तसली. प्रत्येकावर त्यांची सही आणि खेळाची तारीख. एका दिवाळीत माळा झाडताना मीच ती रद्दीवाल्याच्या तागडीत घातली. किलोच्या भावाने!

म्हणून स्नेह्यांना म्हटले, चित्र खुशाल टांगा. पण आज रात्री मुलांना घेऊन ‘तुकाराम’ पाहा. आणि माळ्यावर काही जुने निघाले, तर पुण्यात 1964 पासून चित्रपट संग्रहालय आहे. तिथे विचारल्याखेरीज विकू नका.

वहिनी आतून म्हणाल्या, “अहो, रद्दीवाला सकाळीच येऊन गेला.”