दात कोरून हसू

शर्ली टेंपल सहा-सात वर्षांची असताना हॉलिवूडची सगळ्यात मोठी तारका होती. त्या वयात जे व्हायचं ते तिचंही झालं, दुधाचे दात पडू लागले. एका दृश्यात दात जागेवर आणि पुढच्याच दृश्यात खिंडार, हे स्टुडिओला कसं चालावं? कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी तिच्या मापाच्या इवल्याशा पट्ट्या बनवल्या. शूटिंगपुरत्या लावायच्या आणि दिवस संपला की काढून ठेवायच्या. नट-नट्यांसाठी पिंकस १९२८च्या सुमारासच या खटपटीला लागले होते. कवळीच्या पावडरीनं चिकटवलेल्या त्यांच्या पट्ट्या घालून घास चावण्याची मात्र सोय नव्हती. आज ज्याला व्हेनिअर म्हणतात, ते हे असं मेकअपच्या खोलीत जन्माला आलं.

तिथून दवाखान्यात यायला त्याला निम्मं शतक लागलं. पोर्सिलेन दाताला कायमचं धरून ठेवणार कोण, हा प्रश्न होता. १९५५मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं, की दाताच्या कठीण कवचावर, म्हणजे एनॅमलवर, फॉस्फोरिक आम्ल लावलं तर ते सूक्ष्म खरखरीत होतं आणि रेझिन त्याला घट्ट धरतं. पुढे १९८३मध्ये रिचर्ड सायमनसन आणि जॉन कलामिया यांनी पोर्सिलेनची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक आम्लानं खरखरीत करून तिची पकड वाढवता येते हे सिद्ध केलं. दोन्ही बाजूंनी पकड मिळाली. पिंकसच्या पट्ट्या रात्री डबीत जात. हे नवं व्हेनिअर एकदा बसलं की बसलं.

नेमकी हीच गोष्ट आजच्या ‘स्माईल डिझाइन’च्या जाहिरातीत बारीक अक्षरात असते, किंवा नसतेच.

व्हेनिअरची जाडी असते साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. त्याला जागा करून देण्यासाठी बहुतेक वेळा दाताचा पुढचा थर तितकाच घासावा लागतो. मग माप घेऊन ते लॅबकडे जातं, मधले काही दिवस तात्पुरतं आवरण लावतात आणि शेवटी सिमेंटनं व्हेनिअर पक्कं करतात. एकूण काम दोन-तीन खेपांचं. घासलेलं एनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच संपलेल्या असतात.

वस्तू टिकाऊ आहे, यात वाद नाही. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या दंतवैद्यांनी २०१२ साली ८४ रुग्णांच्या ३१८ व्हेनिअर्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा वर्षांनी ९३ टक्क्यांहून अधिक शाबूत राहतात, वीस वर्षांनी सुमारे ८३ टक्के, असं त्यात दिसलं. झोपेत दात खाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र निकामी होण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. आकडे चांगलेच आहेत. पण साठीच्या माणसाला वीस वर्षं पुरेशी वाटतील. पंचविशीतल्या मुलीनं लग्नाआधी आठ दात करून घेतले, तर पंचेचाळिशीपर्यंत त्यातलं एखाददुसरं बदलायची वेळ यायचीच, आणि पुढचं अर्धं आयुष्य शिल्लक असतं. प्रत्येक बदलाबरोबर खर्च पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांच्यासाठी हा शोध खरोखर वरदान आहे, ती माणसं वेगळीच आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ओलांडलेलं पाणी लहानपणी पोटात गेलं, की पक्के दात पांढुरके चट्टे, तपकिरी डाग घेऊनच उगवतात. कितीही घासा, जात नाहीत. तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या तिथल्या मुलांना सौंदर्याचं वेड लागलेलं नाही, बोअरचं पाणी बाधलंय. अपघातात दाताचा तुकडा उडालेले, जन्मतःच खुजे दात असलेले, लहानपणीच्या टेट्रासायक्लिनमुळे दात करडे झालेले, असे आणखीही आहेत. शहरातल्या खासगी दवाखान्यात एका दाताला दहा-पंधरा हजार रुपये सहज पडतात आणि हसताना तर सहा-आठ दात दिसतात. शेतमजुराच्या घरात हा हिशेब सुरूही होत नाही. ज्याला गरज त्याला परवडत नाही आणि ज्याला परवडतं त्याला बहुधा गरज नसते. दात आणि चण्यांची जुनी म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

मग विकलं काय जातं? रंग. दंतवैद्यांच्या हाताशी असलेल्या प्रचलित ‘व्हिटा’ पट्टीत दातांच्या १६ छटा आहेत आणि नैसर्गिक दात पिवळसर, तांबूस, करड्या अशा याच छटांमध्ये मोडतात. रिसेप्शनच्या फोटोंतलं झगझगीत पांढरं त्या पट्टीत सापडत नाही. त्यासाठी वेगळ्या ‘ब्लीच’ छटा काढाव्या लागल्या. याच महाराष्ट्रात एके काळी बायका दातवण लावून दात काळे करत आणि ते शोभेचं मानलं जाई. फॅशन अशी फिरते. दातवण निदान दात घासून काढत नव्हतं.

याहून वाईट प्रकार ब्रिटिश मंडळींनी अनुभवला. स्वस्तात चमकदार दात मिळतात म्हणून हजारो जण तुर्कस्तानात जाऊ लागले. व्हेनिअर समजून गेलेल्यांपैकी अनेकांचे चांगले दात चहूबाजूंनी तासून खुंट केले गेले आणि त्यांवर पूर्ण कॅप चढवल्या गेल्या. ‘टर्की टीथ’ हा शब्दप्रयोगच ब्रिटनमध्ये रूढ झाला. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांच्या २००२च्या अभ्यासानुसार व्हेनिअरसाठी दाताचा ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. निरोगी दाताचा दोन-तृतीयांश भाग फोटोसाठी घालवणं हा उपचार नव्हेच.

इथल्या डेंटिस्टांपैकी अनेक जण प्रामाणिकपणे हे सांगतात. आधी क्लीनिंग करा, मग गरज वाटली तर ब्लीचिंग, वाकडे असतील तर तार, फट असेल तर कॉम्पोझिट, म्हणतात. ग्राहकच हटून बसतो, महिनाभरात मुहूर्त असतो. तरी आम्ल लावणारा हात डॉक्टरचा आहे, म्हणून नकार देण्याची जबाबदारीही त्याचीच.

ज्यांनी ठरवलंच आहे, त्यांनी खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागाव्यात: व्हेनिअर की कॅप, प्रत्येक दात किती घासणार, आणि एखादं तुटलं तर बदलायचा खर्च किती. दात न घासता त्यावर तात्पुरता नमुना लावून आरशात पाहता येतं, तेही आधी करून घ्यावं. आणि मन साशंक असेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात केसपेपर काढून दुसरं मत घ्यावं. तिथे कुणाला पॅकेज विकायचं नसतं.