सेवाशुश्रूषा कुणाच्या खर्चाने?

जानेवारीतल्या पहिल्या पगाराच्या दिवशी आमच्या कारखान्यातला एक तरुण कामगार पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "हे चार डॉलर चाळीस सेंट कसले कापलेत?" मी म्हटलं, "राज्याची नवी पगारी रजा योजना आहे, तिची वर्गणी." तो तडकला. "मला बायको नाही, मूल नाही. दुसऱ्यांच्या बाळंतपणाचे पैसे मी का भरायचे?"

मैत्रिणींनो, मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. चाळीसेक माणसांच्या एका कारखान्यात पगारपत्रकं तयार करते. म्हणजे हे पैसे कापणारा हात माझाच आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी टेबलाशी दिलं, पण ते अपुरं होतं. पुरतं उत्तर इथे देते आहे, कारण हाच प्रश्न मी आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या जेवणातही ऐकला आहे, आणि तिथे तो विचारणारे चांगले शिकलेसवरलेले, बायकामुलं असलेले पुरुष होते.

आधी योजना समजून घेऊ. मिनेसोटाच्या विधिमंडळाने २०२३ साली हा कायदा केला आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याचा लाभ मिळू लागला. पगाराच्या ०.८८ टक्के रक्कम राज्याच्या निधीत जमा होते. तिच्यातला निदान अर्धा वाटा मालकाने भरायचा, उरलेला कामगाराच्या पगारातून जातो. तीस किंवा त्याहून कमी माणसं असलेल्या आणि बेताचा पगार देणाऱ्या मालकाला त्याच्या वाट्यात सवलत आहे. बदल्यात काय मिळतं? स्वतःच्या गंभीर आजारपणासाठी किंवा बाळंतपणासाठी वर्षाला बारा आठवड्यांपर्यंत, नव्या बाळासाठी किंवा घरच्या आजारी माणसासाठी बारा आठवड्यांपर्यंत, दोन्ही मिळून जास्तीत जास्त वीस आठवडे रजा. या काळात पगाराचा मोठा भाग निधीतून मिळतो, आणि ज्याचा पगार कमी त्याला त्याचं प्रमाण जास्त. आठवड्याला हजार डॉलर मिळवणाऱ्याला सुमारे ८३० डॉलर मिळतात. नोकरीला नव्वद दिवस झाले असतील तर परत आल्यावर कामाची जागा शाबूत. नवऱ्याच्या मारहाणीतून, लैंगिक अत्याचारातून किंवा कुणी सतत पाठलाग करत असेल त्यातून सावरायलाही ही रजा घेता येते. घर सोडून निघालेल्या बाईची नोकरीही त्याच आठवड्यात सुटते, हे आपण किती वेळा पाहिलं आहे!

आता हे सगळं नव्हतं तेव्हाची गोष्ट. २०१६ साली मी एका मोठ्या कंपनीत हिशेबनीस होते. आठवड्याला ७२० डॉलर मिळत. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी कंपनीत रजेचा अर्ज केला. देशभर लागू असलेला १९९३ चा रजेचा कायदा आहे. तो पन्नास किंवा जास्त माणसांच्या मालकाला लागू होतो आणि बारा आठवडे रजा देतो, पण बिनपगारी. मी तेवढ्यावरही तयार होते. अर्ज नामंजूर झाला. त्या कायद्यात आई आहे, वडील आहेत, सासू नाही. "त्या तुमच्या नवऱ्याच्या आई आहेत. रजा त्यांनी घ्यावी," असं मला सांगण्यात आलं.

बोलणं अगदी रास्त होतं! आईची सेवा मुलाने करावी, हे आपण किती वर्षं सांगतोय. पण रजा बिनपगारी, आणि नवऱ्याचा पगार माझ्या दुपटीहून जास्त. घरात भांडण झालं नाही, कुणी माझ्यावर सक्तीही केली नाही. जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून आकडे मांडले आणि आकड्यांनी जे सांगितलं ते केलं. मी राजीनामा दिला. बाईला कमी पगार, म्हणून घरी तिनेच बसायचं. घरी बसली, म्हणून पुढेही कमीच पगार. या चक्रात कुणी दुष्ट माणूस लागत नाही, ते आपोआप फिरतं.

चौतीस आठवडे मी सासूबाईंचं सगळं केलं. त्यांनी माझा हात धरून दोन शब्द बोलायला सुरुवात केली, तो दिवस मी विसरणार नाही. त्या सेवेचा मला पस्तावा नाही. पण मी हिशेबनीस आहे. चौतीस आठवडे गुणिले ७२० म्हणजे २४,४८० डॉलर. ही माझी वर्गणी. ती कुठल्याही चिठ्ठीवर छापली गेली नाही, म्हणून तिच्याबद्दल विचारायला कुणी माझ्या टेबलापाशी आलं नाही. पुढची नोकरी मिळाली ती कमी पगाराची. तो तोटा मी धरलेलाच नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की खर्च नवा नाही. माणसं आजारी पडत होतीच, मुलं जन्मत होतीच, म्हातारी माणसं अंथरुणाला खिळत होतीच. त्याची किंमत कुणीतरी रोख मोजत होतं, आणि ते कुणीतरी बहुतेक घरांत बाई होती. योजनेने एवढंच केलं की एकटीच्या डोक्यावरचं ओझं सगळ्यांच्या डोक्यांवर थोडंथोडं वाटून दिलं. ओझं वाटलं गेलं तेव्हाच ते अनेकांना पहिल्यांदा दिसलं.

हा कायदा तेव्हा असता तर? सासू त्यात आहे. इतकंच काय, जिच्याशी रक्ताचं नातं नाही, पण जी आपल्यावर विसंबून आहे अशी मैत्रीणही त्यात आहे. मला आठवड्याला ६४५ डॉलरच्या आसपास मिळाले असते. बारा आठवडे मी, बारा आठवडे नवरा, म्हणजे चोवीस आठवडे. सगळं भागलं नसतं, पण नोकरी राहिली असती. शिवाय ही रजा ज्याची त्याची आहे. नवऱ्याने घेतली नाही तर ती बायकोच्या खात्यात जमा होत नाही. "माझी बायको घेईल" ही पळवाट इथे बंद आहे. पुरुषांना टोचतंय ते चार डॉलर नाहीत, हे टोचतंय, असा मला दाट संशय आहे.

विरोध करणारे म्हणतात, छोटा धंदा बुडेल. मी छोट्याच धंद्याचे हिशेब ठेवते. रजेवरच्या माणसाला निधी पैसे देतो, मालकाकडे त्या माणसाचा पगार उरतो. त्यातून बदली माणूस ठेवता येतो. त्रास होतो, बुडत कुणी नाही. म्हणतात, लोक फसवतील. आजारपणाच्या रजेला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. आणि म्हणतात, सरकारने कुटुंबात नाक खुपसू नये. हे तर फार जुनं आहे. याच मिनेसोटाचे सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांनी पुढाकार घेतलेलं देशभर पाळणाघरं काढण्याचं विधेयक १९७१ साली दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. अध्यक्ष निक्सन यांनी ते कुटुंबाच्या नावाने परत पाठवलं. ते कुटुंब कोण सांभाळत होतं, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

योजना परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. रोखीवर घरं साफ करणाऱ्या बाईची ना चिठ्ठी, ना वर्गणी. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून राबवून घेतलेल्यांनी आपण होऊन नाव नोंदवलं तरच ते आत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, काम करायची परवानगीच नसलेल्या आपल्या मुली तर पूर्णच बाहेर. जी सर्वांत जास्त राबते तिचं नाव सर्वांत शेवटी येतं, ही रीत इथेही मोडलेली नाही. लढा तिथे न्यायला हवा.

आणि तुमच्याकडे? २०१७ साली बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे झाली तेव्हा आपण पेढे वाटले. पण ईएसआयच्या बाहेर तो पगार एकट्या मालकाने द्यायचा. मग मुलाखतीत "लग्न झालंय का?" हा प्रश्न येणारच. ऊसतोडणीला गेलेल्या बाईचा तर बाळंतपणातही खाडा धरला जातो. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की आईची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, तेव्हा तिचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा. जवळजवळ शंभर वर्षं झाली. मिनेसोटाने सरकारी तिजोरीऐवजी सामाईक निधी उभारला, पण तत्त्व तेच: भार एकट्या मालकावर नको आणि एकट्या बाईवर तर नकोच.

त्या तरुणाला मी म्हटलं होतं, "उद्या तू गंभीर आजारी पडलास तर याच पैशातून तुझं घर चालेल." तो काही न बोलता गेला. पटलं की नाही, ठाऊक नाही.

तुम्हाला मात्र एक काम सांगते. तुमच्या घरातलं शेवटचं मोठं आजारपण आठवा. घरी कोण राहिलं, किती दिवस, किती रोज बुडाला, कुणाची नोकरी गेली, हे कागदावर मांडा. आकडे घाला. तो कागद घेऊन पुढच्या सभेला या. "पैसे कोण देणार?" असं विचारणाऱ्यांपुढे आपण ते कागद ठेवू, आणि आजवर कोण देत आलं ते दाखवू.