सही नसलेली चित्रे

आजकाल चित्रप्रदर्शनांतून ‘मी कोण?’ हा प्रश्न वारंवार मांडला जातो. काही चित्रकार एकत्र येतात, प्रत्येक जण आपला चेहरा, आपले गाव, आपली सल भिंतीवर टांगतो आणि कोपऱ्यात सही करतो. ही प्रथा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या रॅम्पार्ट रोवर ७ जुलै १९४९ रोजी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे प्रदर्शन उघडले. त्यात गोव्यातील साळगावचे सुझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, रझा, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे असे सहा जण होते. धर्म, प्रांत, घरची परिस्थिती सारेच निराळे. आरा तर एके काळी लोकांच्या घरी काम करून पोट भरत. त्या सहाही नावांना पुढे बाजारात मोल आले.

साळगावहून उत्तरेला, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. येथील ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. कागदावर नैसर्गिक रंगांत काढलेली रामायण-महाभारतातील चित्रे, त्यांची एकेक पोथी. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो, गातो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही सापडतो. पिंगुळीच्या जुन्या चित्रांतील चेहरे बहुधा एका बाजूने काढलेले, डोळे विशाल, आणि खाली कोणाचेही नाव नाही. (आपल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांची गोष्टही वेगळी नाही. लिहवून घेणाऱ्या श्रावकाचे नाव प्रशस्तीत आढळते, चित्रकाराचे क्वचितच.)

हा वारसा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे त्याचे नाव. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसण्यापेक्षा गोठा रिकामा करणे त्यांना अधिक व्यवहार्य वाटले असावे. संग्रहालयाच्या नावात जमातीचे नाव आहे, व्यक्तीचे नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मात्र हे जमातीचे नाव शासनदरबारी सिद्ध करावे लागते, आणि तेथे चित्रांना फारशी किंमत नसते. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ठाकूर, ठाकर’ ही नोंद पूर्वी काही ठराविक भागांपुरती होती. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. तरीही दाखल्याची पडताळणी राहिलीच. पडताळणी समितीसमोर आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, महसुली नोंदी मांडायच्या. शिवाय रूढी, देवदेवता, लग्नविधी, बोली यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. यालाच आप्तभाव चाचणी म्हणतात. ज्या मुलाचे सारे बालपण मुंबईच्या चाळीत गेले, ज्याने बाहुलीची दोरी कधी हाती धरली नाही, त्याने काय उत्तर द्यावे? आणि ज्याच्या घरी पोथी आहे, पण पणजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्याने कोणता कागद आणावा? पोथीवर तारीख नाही, शिक्का नाही, काढणाऱ्याचे नावही नाही. हिशेबाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसालाही ही तफावत खटकावी. कागद मागणे गैर नव्हे, खोटे दाखले घेणारे आहेतच आणि त्यांच्यामुळे खऱ्या हक्कदाराची जागा जाते. पण कागद नसणे हा काही गुन्हा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका प्रकरणात म्हटले होते की स्थलांतर आणि आधुनिक राहणी यांमुळे जमातीची पारंपरिक लक्षणे पुसट होऊ शकतात. पुढे महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या संघटनेच्याच प्रकरणात २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे आणि प्रत्येक प्रकरणात ती अनिवार्यही नाही. राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांना अधिक वजन आहे. ज्यांच्याकडे असे कागद आहेत, त्यांना या निकालाने मोठा दिलासा मिळाला. ज्यांच्याकडे केवळ पोथी आहे, त्यांची वाट अजून बिकटच आहे.

मालवणला किल्ला पाहण्यास जाणाऱ्या कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करून पिंगुळीस अवश्य जावे. केवळ भिंतीवरची चित्रे पाहून परतू नये. आधी कळवून पोथीचा प्रयोग ऐकावा आणि मुलांना पुढे बसवावे.