वृत्तपत्रांतील जग आणि आपले खळे

परदेशच्या घडामोडी शेतकऱ्याने कशाला वाचाव्यात, असा प्रश्न आमचे काही शेतकरी बंधू करितात. त्याचे उत्तर २०२२ सालच्या गव्हाने दिले आहे. त्या वर्षी २४ फेब्रुवारीस रशियाने युक्रेनवर स्वारी केली. जगाच्या बाजारात निर्यात होणाऱ्या गव्हाचा सुमारे चौथा हिस्सा या दोन देशांचा. काळ्या समुद्रावरील युक्रेनची बंदरे बंद पडताच भाव कडाडले. एप्रिलमध्ये, भारत आता जगास अन्न पुरविणार, अशा आशयाचे मथळे आपल्याकडे झळकले. पुढे १३ मे रोजी सरकारने, आधी ठरलेले काही व्यवहार वगळून, गव्हाची निर्यातच बंद केली.

दोन्ही वार्ता खऱ्याच होत्या. त्यांना जोडणारा दुवा मात्र वाचकांपुढे ठळकपणे आला नाही. मार्चमधील कडक उष्म्याने उत्तरेकडील गव्हाचा दाणा बारीक राहिला होता. रणगाड्यांच्या चित्रांस जेवढी जागा मिळाली, तेवढी या दाण्यास मिळाली असती, तर बंदीचे कोणास फारसे नवल वाटले नसते. मथळ्यांच्या भरवशावर ज्यांनी माल राखून ठेवला, त्यांना बंदीनंतर उतरलेला बाजार पाहावा लागला.

संपादकबंधूंस आमचे सांगणे एवढेच की, युद्धाच्या नकाशाशेजारी बंदरे, खते व पीकमान यांचीही हकीकत द्यावी. वाचकांनीही परदेशची बातमी अवश्य वाचावी. परंतु मथळ्यास भावाचा जामीन समजू नये.