हरली म्हणून टीम बदलतात का?



मागच्या व्हिडिओत जाता जाता मी म्हणालो होतो की, दुकान चालवायला बीबीएच्या डिग्रीपेक्षा फुटबॉलने मला जास्त शिकवलं. बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणजे नक्की काय? व्हिडिओत तेवढा वेळ नव्हता, म्हणून इथे लिहितो. तुम्ही फुटबॉल बघत नसाल तरी वाचा. गोष्ट शेवटी गल्ल्यावरच येते.

परवा दुकानात एक मुलगा आला. बारा वर्षांचा असेल. वडील चिकूच्या वाडीत कामाला. हातात साधा लाल टी-शर्ट. म्हणाला, "दादा, मागे ८ नंबर छापून द्या ना." ८ नंबर म्हणजे मँचेस्टर युनायटेडचा ब्रुनो फर्नांडिस. आता मी पडलो लिव्हरपूलवाला, सोडतो कशाला! म्हटलं, "अरे, तुझी टीम २०२४-२५ ला वीस संघांत पंधरावी आली. शेवटची लीग जिंकली २०१३ मध्ये, तेव्हा तू पाळण्यात होतास. दुसरी टीम पकड की."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, आश्चर्याने. म्हणाला, "हरली म्हणून टीम बदलतात का, दादा?"

मी गप्प नंबर छापून दिला.

रात्री हिशोब लिहिताना तेच डोक्यात. बोर्डी ते मँचेस्टर सात हजार किलोमीटरच्या वर अंतर. या पोराने ते स्टेडियम कधी पाहिलेलं नाही. वडिलांच्या मोबाईलवर क्लिपा बघतो, तेवढाच काय तो संबंध. तरी तो हलत नाही. आणि माझ्या समोरच्या गल्लीतलं गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी दुसरीकडे जातं. असं का?

लांबचा माणूस का टिकतो?

हे एकट्या बोर्डीचं नाही. मुंबईत मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल यांचे सपोर्टर्स क्लब आहेत. मॅचच्या दिवशी लोक एकत्र जमून मोठ्या पडद्यावर बघतात. चॅम्पियन्स लीगची मॅच थंडीच्या दिवसांत आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू होते, आणि सकाळी ऑफिस असतंच. अमेरिकेत उलटं. इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराची मॅच म्हणजे न्यूयॉर्कला सकाळी साडेसात आणि लॉस एंजेलिसला पहाटे साडेचार. तरी शनिवारी पहाटे उठून, जर्सी घालून माणसं बारमध्ये जमतात. ज्या देशाचा स्वतःचा वेगळाच 'फुटबॉल' आहे, तिथली ही गोष्ट.

लोक म्हणतात, हा सगळा टीव्हीचा आणि पैशाचा खेळ. खोटं नाही. पण नुसत्या जाहिरातीने माणूस दीड वाजता उठत नाही. माझ्या मते खरं कारण साधं आहे. सीझन सुरू होण्याआधी वेळापत्रक येतं. ३८ मॅचेस, कोणाशी, कधी. पुढे तारीख बदलली तर तीही आधी सांगतात. साडेआठ म्हणजे साडेआठ. आपल्या गावातल्या टूर्नामेंटचं काय? बॅनरवर नऊ, सुरू होते साडेअकराला. पुढच्या वर्षी होईल की नाही, कोणालाच माहीत नाही.

आपल्याकडे फुटबॉल नव्हता म्हणून लोक बाहेर गेले, असंही नाही. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला होता. कूपरेज मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो पाहिला. ती स्पर्धा बंद पडली आणि तो प्रेक्षक विखुरला. नियमितपणा तुटला की माणूस तुटतो, मग तुम्ही घराशेजारी का असेना.

इथपर्यंत बरेच ट्रेनर तुम्हाला हेच सांगतील आणि पुढे म्हणतील, "ग्राहकाला फॅन बनवा!" मीही आधी हेच शिकवायचो. आता शिकवत नाही. का, ते सांगतो.

अठ्ठेचाळीस तासांची सुपर लीग

१८ एप्रिल २०२१. युरोपातल्या १२ मोठ्या क्लबांनी जाहीर केलं की आम्ही वेगळी 'सुपर लीग' काढतोय. त्यात सहा इंग्लंडचे, तीन स्पेनचे, तीन इटलीचे. संस्थापक क्लब कायमचे आत. कितीही हरले तरी बाहेर जायचं नाही. त्यातल्या लिव्हरपूल, युनायटेड आणि आर्सेनलचे मालक अमेरिकन, आणि तिकडच्या लीगमध्ये हीच पद्धत.

खरं सांगू? पहिला तासभर मला ती कल्पना आवडली होती. लांबचा फॅन ना मी! दर आठवड्याला रियल माद्रिद विरुद्ध लिव्हरपूल, आणखी काय हवं? आणि मालकांचा हिशोबही तोच होता. मुंबईचा, न्यूयॉर्कचा, शांघायचा नवा प्रेक्षक मोठा, पैसा तिथे. गावातला जुना प्रेक्षक कुठे जातोय? तो येणारच.

तो आला, पण रस्त्यावर. २० एप्रिलला चेल्सीच्या फॅन्सनी स्वतःच्याच टीमची बस अडवली. त्याच रात्री सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी व्हिडिओ काढून माफी मागितली. २ मे रोजी युनायटेडचे फॅन्स ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅचच पुढे ढकलावी लागली. जर्मनीचे बायर्न आणि डॉर्टमुंड मुळात यात गेलेच नव्हते. तिकडे क्लबमध्ये बहुमताचा हक्क सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. जुन्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

मीही त्या दोन दिवसांत ग्रुपवर मालकांना भरपूर शिव्या घातल्या. आणि दुसऱ्याच वर्षी माझ्या दुकानात तेच केलं.

माझी सुपर लीग

२०२२. कोरोना सरला, बोर्डीच्या किनाऱ्यावर गर्दी परतली. शनिवार-रविवार मुंबईच्या, सुरतच्या गाड्या सुरूच्या झाडांखाली लागायच्या. टोप्या, गॉगल, बीच बॉल, वाळूत खेळायची खेळणी, सगळं हातोहात जायचं. मार्जिनही चांगलं. मी समोरचं रॅक त्या मालाला दिलं. वह्या, कंपास, चार्टपेपर मागे अंधारात. शनिवारी गावातलं कोणी आलं की म्हणायचो, "सोमवारी ये ना, आता गर्दी आहे." उधारीची वही बंद केली, तीही सगळ्यांसाठी एकाच दिवशी.

मग जून आला. पाऊस लागला, गाड्या थांबल्या. शाळा उघडल्या. आणि माझ्या वह्यांचे गठ्ठे तसेच. आधी ज्या घरांतून तीन-तीन मुलांची यादी यायची, ती घरं आलीच नाहीत. कोणी घोलवडहून घेतलं, कोणी उंबरगावला जाऊन. त्या महिन्यात होलसेलवाल्याचे पैसे द्यायला मला बायकोची एफडी मोडावी लागली. ते सांगताना तिच्याकडे बघवलं नाही.

एका काकूंना रस्त्यात विचारलं, "काकू, यावर्षी आला नाहीत?" त्या सहज म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडे आता आमच्यासारख्यांचं काही नसतं ना."

भांडण नाही, तक्रार नाही. तेव्हा मला फरक कळला. फॅनला टीम बदलता येत नाही, म्हणून तो ओरडतो, बस अडवतो. तुमच्या गिऱ्हाईकाला दुकान बदलता येतं, म्हणून ते काहीच बोलत नाही. नुसतं येणं बंद करतं. क्लबला चूक दोन दिवसांत कळली. मला तीन महिने लागले, आणि तोवर सीझन गेला होता.

म्हणून माझं मत असं. गिऱ्हाईकाला फॅन बनवायच्या भानगडीत पडू नका. ते तुमचं काही लागत नाही, घरी चार तोंडं आहेत, त्याने दोन रुपये वाचवले तर चुकलं काय? फॅन तुम्ही बना, त्याचे. त्या पोराचा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा. नवं, जास्त पैसेवालं गिऱ्हाईक दिसलं म्हणून जुनं बदलतात का?

मी काय बदललं

एक, १५ मे ते ३० जून समोरचं रॅक वह्यांचं. किनाऱ्यावर कितीही गर्दी असो. पर्यटकांचा माल बाजूच्या टेबलावर. तो विकणं मी सोडलेलं नाही, सोडूही नका.

दोन, वेळ. सकाळी ८ ते १, संध्याकाळी ४ ते ९, बोर्ड लावलाय. बंद ठेवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकतो. माझं वेळापत्रक म्हणा.

तीन, महिन्यातून एकदा जुनी वही उघडतो आणि कोण आलं नाही ते बघतो. आलेल्यांची मोजणी गल्ला करतोच. न आलेल्यांची तुम्हालाच करावी लागते. रस्त्यात भेटले की विचारतो. विकायला नाही, नुसतं विचारायला.

जुनी घरं परत यायला दोन वर्षं लागली. सगळी आली नाहीत. त्या काकू आल्या.

कोणी म्हणेल, मग मोठं व्हायचंच नाही का? व्हा की. आपला डहाणू-घोलवडचा चिकू बघा. २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, जुलै २०२१ मध्ये माल इंग्लंडला गेला. पण गेला तो गावाचं नाव घेऊन. लांब जायला हरकत नाही, पाय कुठे आहेत ते विसरू नका.

या आठवड्यात एकच काम करा. वर्षभरापूर्वी नियमित येणाऱ्या आणि आता न येणाऱ्या दहा जणांची नावं कागदावर लिहा. धंदा अजून सुरू केला नसेल, तर तुम्ही स्वतः कुठल्या दुकानात जाणं बंद केलं आणि तिथे कोणाला काही बोललात का, ते आठवा. उत्तर कमेंटमध्ये लिहा, मी वाचतो.

आणि तो पोरगा? कालच येऊन गेला. युनायटेड पुन्हा हरली होती. टी-शर्ट तोच होता, अंगावर.