हायरॉक्स की क्रॉसफिट? प्रश्न अर्धशक्तीचा

“डॉक्टर, हायरॉक्स करू की क्रॉसफिट?” हा प्रश्न आता शहरांतील वैद्यांना अपरिचित राहिलेला नाही. विचारणारा रुग्ण बहुधा चाळिशीच्या आसपासचा, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा, वाढत्या मेदाने आणि अपुऱ्या झोपेने त्रस्त झालेला असतो. वैद्याने प्रकृती पाहून दोहोंपैकी एक सांगावे, अशी त्याची अपेक्षा असते. आम्हीही असा निवाडा एकदा दिला आणि तो चुकला. त्या अनुभवातून बनलेले आमचे मत व्यवसायबंधू-भगिनींपुढे विचारार्थ ठेवीत आहोत.

एक कफप्रधान, स्थूल गृहस्थ आमच्याकडे आले. नाडी, जिव्हा व अग्नी पाहून ‘आपणांस तीव्र व्यायाम मानवेल’ असे आम्ही सांगून टाकले. गेली सात-आठ वर्षे त्यांना व्यायामाची सवय नव्हती, ही नोंद आमच्याच केसपेपरवर होती; तिच्याकडे आमचे लक्ष गेले नाही. गृहस्थांनी क्रॉसफिट पद्धतीच्या एका वर्गात नाव घातले. दुसऱ्याच आठवड्यात घड्याळ लावून पुलअप्सच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा दोन्ही बाहू सुजलेले होते, कोपर सरळ होत नव्हते आणि मूत्राचा वर्ण दूध न घातलेल्या चहासारखा झाला होता. मधल्या दोन दिवसांत त्यांनी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. आम्ही त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठविले. निदान झाले ऱ्हॅब्डोमायोलिसिसचे. अतिश्रमाने मांसपेशी विदीर्ण होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि वृक्कांना इजा करतात, असा हा विकार. वेळेवर शिरेवाटे द्रव मिळाल्याने गृहस्थ बरे झाले. परंतु आमची चूक आमच्या मनातून गेली नाही.

प्रथम या दोन पद्धतींचे स्वरूप पाहू. हायरॉक्सचा जन्म २०१७ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे झाला. क्रिस्तियान टोएत्झके आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते हॉकीपटू मॉरित्झ फ्यूर्स्टे हे त्याचे संस्थापक. यात एक किलोमीटर धावावयाचे आणि मग एक शक्तिकार्य करावयाचे, असे आठ वेळा. कार्यांचा क्रम ठरलेला : स्की-यंत्रावर १००० मीटर, वजनाची स्लेड ५० मीटर ढकलणे, तितकीच ओढणे, बर्पी घालीत ८० मीटर लांब उड्या, रोइंग-यंत्रावर १००० मीटर, दोन्ही हातांत वजने घेऊन २०० मीटर चालणे, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस आणि अखेरीस वजनदार चेंडू भिंतीवरील खुणेपर्यंत १०० वेळा फेकणे. सामान्य स्पर्धकास यासाठी साधारण दीड तास लागतो. स्पर्धा कोणत्याही देशातील असो, क्रम व अंतरे तीच राहतात.

क्रॉसफिट ही ग्रेग ग्लासमन व लॉरेन जेनाई यांनी २००० साली कॅलिफोर्नियात स्थापिलेली संस्था. सतत बदलत्या, दैनंदिन हालचालींशी जुळणाऱ्या क्रिया तीव्र वेगाने करणे हे तिचे सूत्र. आज धावणे व दोरउड्या, उद्या बारबेल, परवा रिंगा. ‘फ्रॅन’ नावाच्या प्रसिद्ध व्यायामात बारबेल घेऊन बैठकीतून उठत ती डोक्यावर नेणे आणि पुलअप्स, या दोन क्रिया २१, १५ व ९ अशा उतरत्या संख्येने शक्य तितक्या लवकर संपवावयाच्या असतात. सरावलेला मनुष्य हे काही मिनिटांत उरकतो. अशा श्रमाने ऱ्हॅब्डोमायोलिसिस होऊ शकतो, हा इशारा या संस्थेच्या स्वतःच्या नियतकालिकाने २००५ सालीच दिला होता.

आता शास्त्राकडे वळू. सुश्रुत व वाग्भट यांनी व्यायामाची मात्रा अर्धशक्ती सांगितली आणि तिची लक्षणेही शास्त्रात दिलेली आहेत : कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, मुख कोरडे पडणे, श्वास तोंडाने सुरू होणे. उपरोक्त दोन्ही प्रकारांत नवखा मनुष्य ही मर्यादा पहिल्या काही मिनिटांतच ओलांडतो. त्यापुढे जे होते त्यास व्यायाम म्हणावे की साहस, हा खरा प्रश्न आहे. चरकाचार्यांनी शोषाच्या चार कारणांत साहसाची गणना केली आणि त्याची उदाहरणे देताना अतिभार वाहणे व दूरवर धावणे यांचा निर्देश केला. हायरॉक्सची कार्ये पाहताना त्या यादीचे स्मरण होतेच.

तथापि, एवढ्यावरून दोन्ही पद्धती त्याज्य ठरविणे आम्हांस मान्य नाही. साहस हे बलाच्या अपेक्षेने साहस असते. बल सहज व कालज असते तसेच युक्तिकृतही असते. योग्य आहाराने व क्रमवार अभ्यासाने ते वाढते आणि बल वाढले की अर्धशक्तीची मर्यादाही पुढे सरकते. तालमीतील वस्ताद पोराचा दम पाहून जोर-बैठकांची संख्या वाढवीत असे, त्यामागे हेच तत्त्व होते.

या कसोटीवर आमचे मत हायरॉक्सच्या तयारीकडे झुकते. येथे श्रमाचे अंतिम स्वरूप आधीच ठाऊक असते. त्यामुळे आज त्याचा किती अंश करावयाचा, पुढील महिन्यात किती वाढवावयाचा, हे वैद्य व प्रशिक्षक मिळून ठरवू शकतात. क्रॉसफिटमध्ये रोज नवी क्रिया येते. शरीरास ती सात्म्य होण्यापूर्वीच वेग मागितला जातो आणि मात्रा ठरविण्याचा सारा भार प्रशिक्षकाच्या विवेकावर पडतो. उत्तम प्रशिक्षक वजन व फेऱ्या निम्म्यावर आणतो, हे आम्ही पाहिले आहे. असा प्रशिक्षक लाभल्यास सर्वांगाचे बल वाढविण्यात ही पद्धत सरस ठरू शकते. शिवाय ज्यांचे गुडघे धावणे सोसत नाहीत, त्यांस तीच सोयीची. परंतु नवख्याने प्रशिक्षकाची पारख कशी करावी?

हायरॉक्सही निर्धोक नाही. भारतातील त्याची पहिली स्पर्धा मे २०२५ मध्ये मुंबईत झाली. ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य सांगणाऱ्या ऋतुचर्येचे आपण अध्ययन केले आहे. आदानकालात, दमट हवेत दीड तास धावणे म्हणजे काय, हे वैद्यास वेगळे सांगावयास नको. सभागृह बंदिस्त असले तरी त्यासाठीचा सराव चैत्र-वैशाखातच करावा लागतो. नवख्यांनी हेमंत, शिशिर व वसंतात तयारी करून उन्हाळ्यातील स्पर्धा सोडून द्यावी, असे आम्ही आता स्पष्ट सांगतो.

आमची मूळ चूक मात्र पद्धतीच्या निवडीची नव्हती. दशविध परीक्षेत प्रकृतीबरोबर व्यायामशक्तीही आहे, आणि ती कर्म करवूनच पाहावयाची असते. आम्ही प्रकृतीवर थांबलो. आता आम्ही रुग्णास चिकित्सालयाचे दोन जिने चढावयास लावतो, सहा मिनिटे चालवितो, श्वास व नाडी पूर्ववत होण्यास लागणारा वेळ लिहून ठेवतो. वातपित्ताचे विकार, अजीर्ण, ज्वर असता व्यायाम थांबवितो. छातीत दुखणे, भोवळ वा हृद्रोगाचा कुलवृत्तांत असल्यास हृद्रोगतज्ज्ञाकडे आधी पाठवितो. पहिले तीन महिने घड्याळ नाही व स्पर्धा नाही, अशी अट घालतो. प्रत्येक आठवड्यास भूक, झोप व दुसऱ्या दिवशीचा थकवा विचारतो.

औषधालयांच्या चालकांनाही एक विनंती आहे. अशा स्पर्धकांकडून शिलाजतू, अश्वगंधा व रसकल्पांची मागणी वाढते आहे. पारदासारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेले कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. ‘ताकदीसाठी’ म्हणून मागणाऱ्यास ते देऊ नयेत. आणि व्यायामानंतर अंग असह्य दुखते, सूज आहे, लघवी गडद होते, असे कोणी सांगितल्यास त्यास वेदनाशामक, पुनर्नवा वा गोक्षुर देऊन घरी पाठवू नये. शोष पडलेल्या शरीरात वेदनाशामके वृक्कांस अधिकच घातक ठरतात. त्यास त्याच दिवशी रुग्णालयाचा मार्ग दाखवावा.

रुग्ण आमच्याकडे अजूनही तोच प्रश्न घेऊन येतात. आम्ही आता उत्तर देण्यापूर्वी त्यांना जिन्याकडे नेतो.