बाजारात बसून ध्यान

‘ध्यान’ म्हटले की डोळ्यांसमोर हिमालय, गुहा आणि जटाधारी साधू येतात. आमच्या गांधीबागेत यांपैकी काहीच नाही. येथे आहेत ठोक कापडाची दुकाने, गठाणी वाहणारे हमाल, हातगाड्या आणि हॉर्न. अशा वस्तीत मी रोज सकाळी वीस मिनिटे डोळे मिटून बसतो, हे कळल्यापासून वर्गमित्र मला ‘महाराज’ म्हणू लागले आहेत. थट्टेचे काही वाटत नाही. पण एका मित्राचा आक्षेप गंभीर आहे. तो म्हणतो, “ध्यान ही भरल्या पोटाची चैन आहे. तू डोळे मिटल्याने हमालाच्या पाठीवरचे ओझे कमी होते काय?”

होत नाही, हे आधीच मान्य करतो. महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला, तो अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी हमालांना संघटित केले म्हणून. कोणी समाधी लावली म्हणून नव्हे. योगायोग असा की, त्याच १९६९ साली सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून भारतात आले आणि विपश्यना शिकवू लागले. ते व्यापारी होते, संन्यासी नव्हते. डोकेदुखी असह्य झाली म्हणून १९५५ साली ते या मार्गाकडे वळले. त्यांचे गुरू ऊ बा खिन हे तर ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेले सरकारी अधिकारी! म्हणजे ध्यानासाठी दुकान किंवा कचेरी सोडावी लागत नाही.

माझे कारण याहून साधे आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका दुकानात हिशेबाचे काम, रात्री अभ्यास. दिवसभर कोणीतरी हाक मारीत असते: शेठजी, गिऱ्हाईक, प्राध्यापक, खिशातला मोबाईल. प्रत्येक हाकेला तत्काळ ‘ओ’ देता देता माणूस नुसता प्रतिध्वनी होऊन जातो. ध्यानात मी फक्त श्वास पाहतो. खाली हातगाडीचा खडखडाट होतो, मन तिकडे धावते. त्याला परत आणायचे. पुन्हा धावते, पुन्हा आणायचे. मोक्ष, तेज, स्मरणशक्ती यांपैकी काहीही अद्याप लाभलेले नाही. लाभले ते एवढेच की, ऐकणे आणि उत्तर देणे यांच्यामध्ये क्षणभर जागा सापडते. चारचौघांत शेठजी वाटेल तसे बोलले, तर हे सोडून द्यायचे की ठामपणे विरोध करायचा, हे त्या क्षणात मला ठरवता येते. नोकरीच्या भीतीने अपमान गिळणे वेगळे आणि विचार करून सोडून देणे वेगळे.

म्हणून मित्राला माझे सांगणे असे की, संघटना आणि ध्यान यांत वैर नाही. २००५ पासून आपले विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत प्रार्थनाही आहे आणि गावाची सफाईही. हक्क मागणारा संतापाने भरकटला, तर ते मालकाच्या सोयीचेच असते. शांत डोक्याने मागणाऱ्याला टाळणे कठीण जाते.

ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी वाद घालायला अवश्य यावे. फक्त सकाळची ती वीस मिनिटे सोडून!